एकाच घरात दोन पेशंट, दोन वेगळे आकडे

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वय ३८, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६४ किलो. सहा महिन्यांपूर्वी गावातल्या शिबिरात शुगर निघाली. एचबीएवनसी ८.२ आला. आईचं वय ७२, तिला २१ वर्षांपासून मधुमेह आहे, तिचा एचबीएवनसी ७.८. तिचं क्रिएटिनिन १.५ आणि हिमोग्लोबिन ९.४ आहे. गेल्या महिन्यात दोनदा ती रात्री घामाघूम होऊन उठली. आम्ही दोघं नाशिकला एकाच डॉक्टरांकडे जातो. मला ते म्हणतात, साडेसहाच्या खाली आणा. आईला म्हणतात, आठपर्यंत चालेल, आणि वर तिची ग्लिमेपिराइडची गोळी अर्धी केली. माझी सुरुवात आहे तर मला एवढी सक्ती, आणि आईचा जुना आजार असून तिला सूट, हे कसं? संशोधन नक्की काय सांगतं? आणि वजन जास्त नसताना, दिवसभर बागेत राबत असताना मला शुगर झालीच कशी?"

तुमच्या डॉक्टरांनी दोघांनाही बरोबर सांगितलं आहे. मी नाशिकमध्ये २६ वर्षं मधुमेहाचे पेशंट बघते आहे. तुमच्यासारखी मायलेकरं किंवा बापलेक जोडीने समोर बसतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकांना वाटतं की शुगर जेवढी जुनी तेवढी सक्ती जास्त हवी. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांतून जवळजवळ याच्या उलट चित्र पुढे आलं, आणि ते समजायला आम्हा डॉक्टरांनाही बराच वेळ लागला.

आधी एचबीएवनसीचा आकडा समजून घ्या. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तुमचा ८.२ म्हणजे सरासरी साधारण १८९ आणि आईचा ७.८ म्हणजे १७७. दोघांमध्ये फरक फक्त बाराचा. पण तुमच्या रक्तवाहिन्यांनी ही साखर फार तर काही वर्षं सोसली आहे, आईच्या रक्तवाहिन्यांनी २१ वर्षं.

आता संशोधनाकडे येते. इंग्लंडमध्ये १९७७ साली एक अभ्यास सुरू झाला, त्याला यूकेपीडीएस म्हणतात. नुकताच टाईप २ मधुमेह निघालेले ५,१०२ लोक त्यात घेतले होते, म्हणजे तुमच्यासारखे, अगदी सुरुवातीला असलेले. काहींना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मुख्यतः आहारावर ठेवलं, काहींना गोळ्या किंवा इन्सुलिन देऊन शुगर नेटाने खाली ठेवली. १९९८ साली निकाल आले. एका गटाचा एचबीएवनसी ७.० होता, दुसऱ्याचा ७.९. फरक एक टक्क्याचाही नाही. तरी डोळ्यांचा पडदा आणि किडनी यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास पहिल्या गटात २५ टक्क्यांनी कमी झाले. हार्ट अॅटॅकमध्ये मात्र ठाम म्हणावा असा फरक तेव्हा दिसला नाही, आणि पुष्कळांनी त्यावरून निष्कर्ष काढला की शुगर खाली आणून हृदयाला काही फायदा नाही.

खरी गोष्ट पुढे घडली. अभ्यास संपल्यावर सगळे आपापल्या डॉक्टरांकडे गेले आणि वर्षभरातच दोन्ही गटांची शुगर सारखी झाली. पण संशोधकांनी या माणसांचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी, २००८ साली त्यांनी पुन्हा हिशेब मांडला, तर ज्यांची शुगर सुरुवातीच्या वर्षांत आटोक्यात होती त्यांच्यात हार्ट अॅटॅक १५ टक्क्यांनी कमी आणि मृत्यू १३ टक्क्यांनी कमी निघाले. ज्या जाड रुग्णांना सुरुवातीला मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली होती त्यांच्यात हार्ट अॅटॅक ३३ टक्क्यांनी कमी. २०२४ साली २४ वर्षांपर्यंतचा पाठपुरावा छापून आला, तेव्हाही हा फायदा टिकून होता. दोन्ही गटांची शुगर कधीच एक झाली होती, तरी पहिल्या काही वर्षांची पुण्याई दोन तपं पुरली. टाईप १ च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा रुग्णांवरच्या डीसीसीटी या अमेरिकी अभ्यासातही हेच दिसलं.

असं का होतं? तांबडी पेशी चार महिन्यांत मरते आणि तिच्यासोबत चिकटलेली साखरही जाते. पण रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधलं, डोळ्यांमधलं, किडनीच्या गाळणीमधलं कोलॅजन नावाचं प्रथिन वर्षानुवर्षं तेच राहतं. त्याला एकदा साखर चिकटून ते कडक झालं की नंतर शुगर उतरली तरी ते सहजासहजी मऊ होत नाही. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब नुकते फुटताना, डावणी या बुरशीवरची फवारणी चुकली, तर पुढे कितीही महागडं औषध मारा, गेलेला घड परत येत नाही. तुमची आत्ता पोंगा अवस्था आहे. म्हणून तुम्हाला साडेसहा.

मग आईला का नको? यूकेपीडीएसनंतर जगभर सगळ्यांनाच वाटायला लागलं की शुगर जितकी खाली तितकं चांगलं. हे तपासायला अमेरिका आणि कॅनडामध्ये 'अकॉर्ड' नावाचा अभ्यास झाला. त्यात १०,२५१ माणसं होती, सरासरी वय ६२, मधुमेहाला साधारण दहा वर्षं झालेली, आणि तिघांमागे एकाला आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा त्रास झालेला. म्हणजे ही माणसं तुमच्यापेक्षा तुमच्या आईच्या जवळची. निम्म्यांसाठी ध्येय ठरलं ६.० च्याही खाली. गोळ्या वाढवल्या, इन्सुलिन वाढवलं, आकडा ६.४ पर्यंत उतरलाही. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये, ठरलेली मुदत संपायच्या आधीच, हा भाग थांबवावा लागला. कडक गटात २५७ मृत्यू झाले होते, सैल गटात २०३.

ही बातमी आली तो आठवडा मला आजही आठवतो. तेव्हा माझ्याकडे सत्तरीच्या पुढचे असे कितीतरी पेशंट होते ज्यांना मी दर भेटीला "अजून थोडी उतरवा" म्हणत होते. त्या मृत्यूंचं एकच एक कारण कोणी सिद्ध करू शकलेलं नाही. पण कडक गटात दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल इतकी शुगर लो होण्याचे प्रसंग तिपटीने जास्त होते, आणि चारांमागे एकापेक्षा जास्त माणसांचं वजन दहा किलोंहून अधिक वाढलं होतं. त्याच वर्षी 'अॅडव्हान्स' नावाच्या ११,१४० लोकांच्या अभ्यासात शुगर सावकाश ६.५ पर्यंत आणली होती. तिथे मृत्यू वाढले नाहीत, किडनीला फायदाही झाला. म्हणजे घाईला आणि हट्टाला किंमत मोजावी लागते. त्यानंतर मी माझ्या म्हाताऱ्या पेशंटच्या फाइली एकेक करून काढल्या आणि कित्येकांच्या गोळ्या कमी केल्या. तुमच्या डॉक्टरांनी आईची गोळी अर्धी केली, ती याच कारणाने.

आता तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: आई रात्री दोनदा घामाघूम होऊन उठली. याला गरमी किंवा वय म्हणून सोडून देऊ नका. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला आहात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १.५ आहे. ऐकायला थोडंसं वाढलेलं वाटतं, पण ७२ वर्षांच्या बाईमध्ये याचा अर्थ किडनीचं काम निम्म्याच्याही खाली आलं आहे. अशा किडनीतून या गोळीचा निचरा नीट होत नाही. इन्सुलिन घेत असल्या तर तेही शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. संध्याकाळी सात वाजता थोडंसं जेवून झोपलेल्या बाईची शुगर पहाटे दोन-तीन वाजता पन्नासवर येऊ शकते. घाम, छातीत धडधड, असंबद्ध बोलणं, दचकून उठणं, सकाळी डोकं जड होणं, ही त्याची लक्षणं. बीपीसाठी किंवा हृदयासाठी काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर धडधड जाणवतही नाही, फक्त घाम येतो. घरातल्यांना वाटतं स्वप्न पडलं असेल.

असं पुन्हा झालं तर तिथल्या तिथे ग्लुकोमीटरवर बोट तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, किंवा तेवढीच ग्लुकोजची पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आल्यावर अर्धी भाकरी किंवा दोन बिस्किटं खायला द्या. चॉकलेट किंवा पेढा देऊ नका, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात हळू चढते. आणि त्या शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालू नका, साखरेचं पाणीसुद्धा नाही. सरळ १०८ ला फोन करा. गोळीमुळे लो झालेली शुगर दिवसभरात पुन्हा उतरू शकते, म्हणून "आता बरं वाटतंय" एवढ्यावर विषय संपत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आईच्या एचबीएवनसीबद्दल आणखी एक. हिमोग्लोबिन ९.४ असताना त्या ७.८ वर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालं असेल तर एचबीएवनसी खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. किडनीमुळे रक्त कमी झालं असेल आणि तांबड्या पेशी लवकर मरत असतील, तर तो कमी दिसतो. सुरगाणा, पेठ, कळवण या बाजूंनी येणाऱ्या माझ्या काही आदिवासी पेशंटमध्ये सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असतो. तिथेही हा आकडा फसवतो, शुगर वाढलेली असूनही रिपोर्ट चांगला येतो. अशा वेळी बोटावरची तपासणी किंवा दंडाला चिकटवायचा सेन्सर जास्त खरं सांगतो. सेन्सर साधारण दोन आठवडे राहतो आणि रात्रीची झोपेतली शुगरही टिपतो. तुमच्यासारख्या तरुण पेशंटकडून आम्ही अपेक्षा ठेवतो की दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शुगर ७० ते १८० च्या मध्ये असावी. आईसारख्या पेशंटसाठी ५० टक्के वेळही पुरतो, पण ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याच्याही आत हवा, म्हणजे दिवसभरात पंधरा मिनिटांपेक्षा कमी. तरुणांना ही मर्यादा चार टक्के आहे. बघा, वरच्या बाजूला सूट आणि खालच्या बाजूला उलट जास्त कडक नियम. आईलाही सक्ती आहेच, फक्त ती दुसऱ्या टोकाला आहे.

शिवाय आईसाठी शुगरच्या पलीकडे करण्यासारखं बरंच आहे, आणि आजच्या घडीला तिला खरा फायदा तिथेच आहे. यूकेपीडीएसमध्ये बीपीचाही एक भाग होता. एका गटाचं बीपी सरासरी १५४/८७ राहिलं, दुसऱ्याचं १४४/८२ वर ठेवलं, तेवढ्याने दुसऱ्या गटात लकवा ४४ टक्क्यांनी घटला. शुगरची पट्टी रोज बघणाऱ्या घरात बीपीचं मशीन धूळ खात पडलेलं मी नेहमी बघते. दुसरं म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन, किडनीची गाळणी बिघडली की लघवीत उतरणारं प्रथिन. ही तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आणि तिसरं, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. २०१५ साली ७,०२० हृदयरोगी मधुमेहींवरच्या अभ्यासात एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासात किडनी निकामी होणं आणि त्यासारखे गंभीर प्रसंग ३० टक्क्यांनी कमी झाले. गंमत अशी की किडनी कमजोर झाल्यावर या गोळ्या शुगर फारशी उतरवत नाहीत, तरीही किडनीला आणि हृदयाला जपतात. शुगरचा आकडा आणि शरीराचं भलं या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे या गोळ्यांनी आम्हाला शिकवलं. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप उतरली, त्यामुळे आता खर्चाचं कारण राहिलेलं नाही. लघवीच्या जागी बुरशी होऊ शकते, म्हणून तिथली स्वच्छता पाळावी लागते. आणि उलट्या, जुलाब किंवा जेवण बंद अशा दिवशी ही गोळी थांबवायची असते. आईला चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन चालू असेल तर या किडनीला त्याचा डोस कमी लागतो, तेही विचारा.

आता तुमच्याकडे वळते. वजन जास्त नसताना शुगर कशी झाली?

याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. वजनात एवढा फरक, पण तो हाडामांसाचा आणि स्नायूंचा. चरबीच्या बाबतीत आपली बाळं तेवढी मागे नव्हती. २००४ साली याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तुमचा बीएमआयही २२.८ च्या आसपास येतो. म्हणून वजनकाट्यावर जाऊ नका, टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. आपल्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर पोट असेल तर चरबी यकृताभोवती आणि स्वादुपिंडाभोवती साठते आहे असं समजायचं. हातपाय काटक आणि शर्टाखाली पोट पुढे, असे पेशंट माझ्याकडे निफाड-दिंडोरीकडून आठवड्याला कितीतरी येतात. २०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आला. त्यातले पुष्कळजण असे वरून सडपातळ दिसणारे आहेत.

इथे एक सावधगिरी. तुमचं वजन गेल्या सहा महिन्यांत काही न करता झपाट्याने उतरलं असेल, तहान आणि लघवी फार वाढली असेल, किंवा पोटात वरच्या बाजूला सतत दुखत असेल, तर हा टाईप २ नसूही शकतो. उशिरा येणारा टाईप १ किंवा स्वादुपिंडाचा आजारही तपासावा लागतो. तसं असेल तर पुढे मी जे लिहिते आहे ते तुमच्यासाठी नाही, आणि इन्सुलिनला उशीर करू नका.

तसं नसेल, तर तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. २०१७ साली इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, मधुमेहाला सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या ३०६ लोकांवर. निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज फक्त साडेआठशे कॅलरीच्या आसपासचा द्रव आहार दिला. वर्षभराने त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांचा एचबीएवनसी गोळ्यांशिवाय साडेसहाच्या खाली होता. ज्यांचं वजन १५ किलो किंवा अधिक उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. पण मोबाइलवर फिरणारे लोक पुढचं सांगत नाहीत: दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, पाचव्या वर्षी त्याहून बरंच खाली. वजन परत चढलं की शुगर परत येते. म्हणून मी "मधुमेह बरा झाला" असं कधीच म्हणत नाही. मधुमेह मागे हटला, दबा धरून बसला, असं म्हणते, आणि अशा पेशंटलाही वर्षातून दोनदा बोलावते.

तुम्ही म्हणाल, माझं वजनच ६४, मी कुठून १५ किलो कमी करू? तेवढं करायचंही नाही. 'डायरेक्ट' करणाऱ्यांपैकी न्यूकॅसलच्या गटाने नंतर जाड नसलेल्या २० मधुमेहींवर छोटासा अभ्यास केला. सरासरी साडेसहा टक्के वजन उतरल्यावर त्यातल्या १४ जणांची शुगर मागे हटली, कारण यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली होती. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण तुमच्या हिशेबाने हे चार किलो होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्यांचा डोस सांभाळत, चार-सहा महिन्यांत पोटावरचे चार किलो ही तुमच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

त्यासाठी साडेआठशे कॅलरीची पाकिटं आणायची गरज नाही. आपल्या ताटाकडे बघा. दुपारी तीन भाकरी, बटाट्याची किंवा वांग्याची भाजी, वर भात, रात्री पुन्हा तेच. भाकरीने शुगर वाढत नाही हा आपल्याकडचा पक्का समज आहे. बाजरीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात पिष्टाचं प्रमाण जवळपास सारखंच असतं, बाजरी जरा सावकाश पचते एवढाच फरक. भाकरी सोडू नका, तीनाच्या दीड करा आणि रिकाम्या जागी मटकी, मूग, हरभरा यांची घट्ट उसळ, अंडी, दही, पनीर, कोशिंबीर भरा. आयसीएमआरच्या पाहणीतल्या १८,०९० लोकांच्या आहारावरून संशोधकांनी २०२२ साली असा हिशेब मांडला की नव्या मधुमेहींनी पिठूळ पदार्थांतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या निम्म्यावर आणली आणि प्रथिनं वीस टक्क्यांपर्यंत नेली तर शुगर मागे हटण्याची शक्यता वाढते. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ खा, भाकरी शेवटी. त्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते. आठवड्यातून एकदा मिसळ खायची असेल तर खा, मटकीच भरपूर घ्या, पाव एक, फरसाण चिमूटभर. आईसाठी मात्र प्रथिनं अशी वाढवू नका, त्यांच्या किडनीला झेपणारं प्रमाण वेगळं असतं.

द्राक्षांचं बोललंच पाहिजे. फेब्रुवारी ते एप्रिल काढणी चालू असते आणि गोडी बघता बघता तुम्ही दिवसभरात अर्धा किलो द्राक्षं सहज खाता. त्यात जवळपास ९० ग्रॅम साखर असते. पंधरा-सोळा मणी एका वेळी, जेवणापासून लांब, एवढं चालतं. बेदाणे तर वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असतात. माझ्याकडे दर मार्चला काही बागायतदारांची शुगर वाढून येते आणि जूनमध्ये आपोआप उतरते, आता मला रिपोर्टवरची तारीख बघूनच कळतं.

राहिला व्यायाम. "दिवसभर रानात राबतो, वेगळं चालायचं कशाला?" राबणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण तुमच्याकडे बहुतेकांची सगळ्यात मोठ्या जेवणाची वेळ रात्री नऊची, आणि त्यानंतर सरळ अंथरूण. स्नायू हलत असताना इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून हालचाल जेवणानंतर लगेच असली तर तिचा उपयोग वाढतो. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठाने २०१६ साली ४१ मधुमेहींवर हे करून पाहिलं. दिवसात केव्हाही एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. वस्तीवरून बांधापर्यंत जाऊन या, तेवढं पुरतं. बायकोला, आणि भाऊ असेल तर त्यालाही, बरोबर न्या आणि भावाची शुगर तपासून घ्या. आई आणि भाऊ दोघांना मधुमेह आहे म्हणजे त्याला धोका आहेच. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात मधुमेहाच्या सीमेवर असलेल्या भारतीयांमध्ये आहार आणि चालणं सुधारून पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं होतं.

मेटफॉर्मिन डॉक्टरांनी दिलं असेल तर शुगर उतरायला लागली म्हणून स्वतःहून बंद करू नका. डोस कमी करायचा की थांबवायचा हे तीन महिन्यांच्या रिपोर्टवर ठरवू द्या. आणि डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी आत्ताच करा. शुगर निघाली त्या दिवसापासून मधुमेह मोजायचा नसतो, तो आधीच काही वर्षं आत येऊन बसलेला असतो.

आईच्या दोन गोष्टी राहिल्या. एकादशीचा उपास त्या करत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. सकाळी गोळी घ्यायची, दुपारपर्यंत काही खायचं नाही, मग साबुदाण्याची खिचडी, याने शुगर आधी कोसळते आणि मग अडीचशेच्या वर उडते. उपासाच्या दिवशी गोळीचा आणि इन्सुलिनचा डोस वेगळा लागतो. खिचडीऐवजी वरई, शेंगदाण्याची आमटी, ताक, असं थोडं थोडं तीन-चार वेळा खाल्लं तर निभावतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करायची त्यांची रीत असेल, तर ती अनवाणी करू देऊ नका. २१ वर्षांच्या मधुमेहात तळपायाची जाणीव बोथट झालेली असते. खडा रुतलेला कळत नाही, फोड आलेला कळत नाही, आठवड्याने जखम दिसते तेव्हा ती हाडापर्यंत गेलेली असू शकते. देवाला चपला चालत नाहीत असं त्या म्हणतील. माझ्या पेशंट बायकांना मी स्वच्छ जाड सुती मोजे आणि मऊ कापडी बूट घालून जायला सांगते आणि परत आल्यावर मुलाला त्यांचे तळवे उजेडात बघायला लावते.

आज रात्री तीनचा गजर लावा आणि आईचं बोट एकदा तपासा. उद्या आणि परवाही त्याच वेळी तपासा. तीन दिवसांचे आकडे, त्या रात्री त्या काय आणि किती वाजता जेवल्या ते, आणि इन्सुलिन घेत असल्या तर किती युनिट घेतलं ते एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. त्यातला एकही आकडा १०० च्या खाली असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, दुसऱ्या दिवशीच जा.